गावाचे मत आणि केंद्राचा आकडा

मतदार यादीतले माझे नाव नागपूर शहरात असले, तरी निकालाच्या दिवशी माझे लक्ष काटोल तालुक्यातल्या आमच्या गावाकडेच लागलेले असते. इथे कार्यालयात निवडणुकीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, “गावात काय, जात पाहायची, पैसे घ्यायचे आणि बटण दाबायचे.” हे ऐकून मला वाईट वाटते, कारण त्या गावातली माणसे मत देण्याआधी किती विचार करतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

२०२४ चे वर्षच घ्या. १९ एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले आणि आमचे गाव ज्यात येते त्या रामटेक मतदारसंघातून काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे निवडून आले. पुढे २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा त्याच मतदारसंघातल्या सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. काँग्रेसकडे फक्त उमरेड राहिले. आमच्या काटोलात भाजपचे चरणसिंग ठाकूर विजयी झाले. मधल्या सात महिन्यांत कुणाची जात बदलली नव्हती. सोयाबीनचा भावही सुधारला नव्हता. हमीभाव ४८९२ रुपये जाहीर झालेला असताना बाजार समितीत माल त्याच्या बराच खाली जात होता. तरीही मत फिरले.

याचे उत्तर मला साठीच्या घरातल्या आमच्या काकूंनी दिले. अंगणात तूर निवडता निवडता त्या म्हणाल्या, “खासदारकीले मालाचा भाव पाह्यला, बाबू. आमदारकीले माह्या नावावर पैसे आले ते पाह्यले. आन् सरपंचकीले रात्री-बेरात्री कोणाचं दार वाजवता येते, ते पाहा लागते.” लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये प्रमाणे पाच हप्ते मतदानाआधी त्यांच्या खात्यात जमा झाले होते. शहरातले लोक याला मत विकत घेणे म्हणतात. पण जन्मभर कापूस वेचून ज्या बाईच्या नावावर पासबुक नव्हते, तिने स्वतःच्या खात्याचा विचार करून मत दिले, तर त्याला मी विक्री म्हणणार नाही. काकांनी त्या दिवशी दुसऱ्या चिन्हाला मत दिले, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि त्यावरून घरात भांडण झालेले नाही.

गावात जात मोजली जात नाही, असे माझे म्हणणे नाही. कुणबी किती, तेली किती, बौद्ध किती, हा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो आणि मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटेही फिरतात. मात्र ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते आणि अनेकदा एकाच भावकीतले दोघे समोरासमोर उभे असतात. तिथे जातीचा हिशेब संपतो आणि कोण कुणाच्या मयतीला आला, कोणी विहिरीच्या पाण्यावरून अडवणूक केली, याचा हिशेब सुरू होतो.

मला खरी चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. मतदान गुप्त असते, पण मतदान केंद्राचा आकडा गुप्त नसतो. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद होती. यंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राची मते वेगळी कळतात. नागपुरात त्याने फारसे बिघडत नाही; पण आमच्या गावात एक केंद्र म्हणजे ठरावीक दोन-तीन मोहल्ले. मागे एका निकालाच्या संध्याकाळी मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. मोजणीहून परतलेल्या प्रतिनिधीने खिशातून घडी घातलेला कागद काढला, तो बाकावर सपाट केला आणि आमच्या केंद्राच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला. तो एक शब्दही बोलला नाही; पण बाजूला उभ्या असलेल्या चौघांनी खाली मान घातली. त्यानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या नालीचे काम मध्येच थांबले. निधी संपला, असे सांगण्यात आले. त्याच महिन्यात पलीकडच्या मोहल्ल्यात मात्र सिमेंटचा रस्ता झाला.

अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजणारे टोटलायझर यंत्र वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच मांडला होता आणि विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. ती व्यवस्था अजून आलेली नाही. मतदान यंत्रांवर रोज तावातावाने वाद होतात, पण ज्या एका बदलाने लहान गावातल्या माणसाची मान ताठ राहील, त्याबद्दल कुठल्याही पक्षाच्या सभेत मी अवाक्षर ऐकलेले नाही. केंद्रनिहाय आकडा सगळ्यांनाच हवा असतो. त्याच्याच आधारावर पुढच्या निवडणुकीची आखणी होते आणि कोणत्या मोहल्ल्याकडे पाठ फिरवायची, हेही ठरते.

गेल्या दिवाळीला गेलो, तेव्हा नाली होती तिथेच अर्धवट होती. सिमेंट जिथे संपते, तिथे काकूंनी स्वतःच्या खर्चाने दोन फरश्या टाकून घेतल्या आहेत, कारण पावसाळ्यात पाणी थेट त्यांच्या उंबऱ्याशी येते. “पुढच्या वेळी विचार बदलणार का?” असे मी विचारले, तेव्हा त्यांनी फरशीवरचा चिखल खराट्याने बाजूला सारला आणि म्हणाल्या, “नालीपायी? नाही, बाबू.”