लागतं की पाहिजे

काल दुपारी जळगावहून दुकानातल्या पोराचा फोन. दोन्ही लॅपटॉप आलेत, एक ४०५० ग्राफिक्स कार्डवाला आणि एक ४०६० वाला, फरक पंधरा हजारांचा, सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा. मी बोलून गेलो, आत्ता लहान कार्डवाला नेतो, पुढच्या सीझनला कार्ड बदलून घेऊ. पोरगं हसलं. "दादा, रॅम वाढेल, एसएसडी वाढेल. कार्ड बोर्डावर डाख मारेल राहतं, ते नाही निघत."

मला माहीत नव्हतं असं नाही. पुण्याच्या खोलीत डेस्कटॉप होता, त्याचं कार्ड मी स्वतः काढून घातलंय. तीच सवय बोलली. ती खोली, तो डेस्कटॉप... जाऊ दे.

हसण्याचं एवढं नाही वाटलं. आप्पा ओट्यावर मोटारीचा स्टार्टर उघडून बसले होते, कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मान वर न करता विचारलं, "तुले लागस, का तुले पायजे?"

"लागस," मी म्हणालो. लगेच म्हणालो, हेच खटकतंय.

लागतं तर आहेच. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली, पाच लग्नांचे व्हिडिओ हातात आहेत. जुन्या लॅपटॉपचं कार्ड ४ जीबी मेमरीचं. परवा रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोर-केच्या टाइमलाइनवर नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, काढायला घेतला आणि जीपीयू मेमरी, म्हणजे कार्डाची मेमरी, भरल्याची पाटी आली. पडद्यावर अंतरपाट अर्धा खाली, नवरीचा एकच डोळा दिसतोय, भटजींचा हात वर. दहा मिनिटं तशीच उभी होती बिचारी. तेव्हा ४०५० चे ६ जीबी तरी हवेतच. पण ४०६० चे ८? जास्तीचे दोन जीबी आणि कार्डात हिशोब करणारे पाचशे बारा कोअर, २५६० चे ३०७२, हे अमळनेरच्या लग्नाला लागतात? की रात्री बारानंतर मी जे खेळतो त्याला?

रात्रभर हेच. तेहतिसाव्या वर्षी पंधरा हजारांसाठी कूस बदलतोय. बरोबरचे सगळे कुठल्या कुठे गेले. आणि मी? वरातीत ड्रोन उडवतो आणि पुढचे दोन महिने बाकीच्या पैशांसाठी नवरदेवाच्या मामाला फोन करतो. मला काही पाहिजे असेल तर तेही लागतंय असं सिद्ध करून दाखवायचं, तेही स्वतःच्याच पैशानं. आप्पांनी असा प्रश्न मोठ्या भावाला कधी विचारला नाही. असो.

पहाटे लाइट गेली. पंखा थांबला, तसं डोकं ताळ्यावर आलं. मोबाइलवर वाचत बसलो. कार्डाच्या नावात सगळं नसतं. ही दोन्ही कार्डं लॅपटॉपवाली कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवते. बारीक लॅपटॉपमध्ये उपाशी ठेवलेलं ४०६० हे पोटभर वॅट मिळालेल्या ४०५० च्या मागे राहू शकतं. त्यात आपल्याकडे बाहेर त्रेचाळीस अंश, घरात पत्रा, कूलरला पाणी एक दिवसाआड. कार्ड कुठलंही आणलं तरी मे महिन्यात ते माझ्यासारखंच दुपारी मान टाकणार. एकटाच हसलो.

सकाळी त्या पोराला विचारलं, दोन्हीचे वॅट किती? आता गप्प बसायची पाळी त्याची. "बघून सांगतो दादा." अजून सांगतोय.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "लिधं का?"

"नाही. वॅट विचारलेत."

"वॅट?" त्यांनी खुर्ची जवळ ओढली. इतक्या वर्षांत माझ्या धंद्यातलं त्यांना कळणारं हे पहिलंच काही असावं. "कितला?"

"जास्तीत जास्त ११५."

बोटांवर हिशोब झाला. साडेसातशे वॅटचा एक हॉर्सपॉवर, विहिरीवरची मोटार पाच हॉर्सपॉवरची.

"म्हंजे पाव हॉर्सपॉवरबी नही?"

"नाही."

"इतलासाठे रातभर झोप नही तुले?"