शांघायचं प्रोपगंडा पोस्टर म्युझियम, जाणार असाल तर वाचा

शांघायला गेल्यावर 'द बंड' हा नदीकाठचा जुन्या इमारतींचा रस्ता आणि ते उंच टॉवर सगळेच बघतात, पण दोनेक तास काढून प्रोपगंडा पोस्टर आर्ट सेंटरला जाच. हे सरकारी नाहीये हां, माओच्या काळातली पोस्टरं रद्दीत जायला लागली तेव्हा यांग पेइमिंग नावाच्या गृहस्थांनी ती गोळा केली, त्यातून उभं राहिलेलं खाजगी म्युझियम आहे.

पत्ता नीट बघून घ्या. जुन्या गाइडबुकात हुआशान रोडवरच्या सोसायटीचं तळघर दिलेलं असतं, ते आता यान-आन वेस्ट रोडवर हललंय. मेट्रो स्टेशन जियांगसू रोड, लाइन २ किंवा ११, तिथून चालत जाता येतं. गुगल मॅपच्या भरवशावर राहू नका, चिनी लिपीतल्या पत्त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि अलीपे (तिथलं पैसे द्यायचं अ‍ॅप) इंडियातूनच सेट करून निघा.

आत गेलात की माओकडे धावायच्या आधी १९३०-४० च्या आसपासच्या सिगारेट-साबणाच्या कॅलेंडरवरच्या बायका शोधा. गुलाबी गाल, मऊ कातडी, आपल्या दीनानाथ दलालांच्या दिवाळी अंकातल्या बायका आठवतात एकदम. ही कॅलेंडरं काढणारे जिन मेइशेंग, ली मूबाय वगैरे मंडळी १९४९ नंतर नव्या कम्युनिस्ट सरकारसाठी चित्रं काढायला लागली, म्हणजे हात तेच, फक्त सिगारेटच्या जागी ट्रॅक्टर आला! हे डोक्यात ठेवून पुढची पोस्टरं बघा, शेतकरीणबाईचे गाल बघून हसू येतं.

मग १९५८ ची ग्रेट लीप फॉरवर्डची, म्हणजे शेती आणि कारखान्यांचं उत्पादन झटपट वाढवायच्या माओच्या मोहिमेची पोस्टरं, माणसाहून मोठी कणसं, धान्याचे डोंगर, सगळे खुशीत. आणि प्रत्यक्षात याच मोहिमेनंतर १९५९ ते ६१ मध्ये दुष्काळात कोट्यवधी माणसं उपाशी मेली. भिंतीवर ते कुठे दिसणार, त्यामुळे जायच्या आधी थोडं वाचून जा नाहीतर नुसती छान रंगीत चित्रं बघून परत याल. १९६६ ला माओची सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यानंतर तर सगळं लालभडक, माओच्या चेहऱ्याला सावली म्हणून नाही. ल्यू चुनहुआचं तरुण माओ आन्युआनच्या कोळसा खाणीकडे निघालेलं चित्र याच काळातलं, त्याच्या ९० कोटी प्रती छापल्या असं सांगतात. मला मात्र हा भाग जरा कंटाळवाणा वाटला, १९५० च्या दशकातली जास्त जिवंत आहेत.

पोस्टर विकत घ्यायचं असेल तर खालच्या कडेला बारीक अक्षरात प्रकाशक, छपाईची तारीख आणि किंमत असते ती बघा, पण नवीन कॉपीवरही ती जशीच्या तशी छापलेली असू शकते, म्हणून कागद आणि घड्यांच्या खुणाही तपासा. ओरिजिनल महाग पडतं, घरात लावायला रिप्रिंट पुरे. पुठ्ठ्याची नळी मागून घ्या आणि केबिन बॅगेतच ठेवा.