गेमिंगची खरेदी: म्हापसा, पर्वरी, पणजी

भाच्याला सोनीचा गेमिंग कन्सोल प्लेस्टेशन ५ (पीएस५) हवा होता आणि मला डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स कार्ड, म्हणून सावंतवाडीहून सकाळच्या एसटीने आम्ही म्हापसा गाठलं. गोव्यात सगळं स्वस्त, ही समजूत बाटलीपुरती ठेवा. ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी इकडेही आहे आणि तिकडेही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखी ओळीने दुकानंही इथे नाहीत. तरी तळकोकणातल्या माणसाला मुंबईपेक्षा म्हापसा बरा. वस्तू बिघडली तर दुकानदारासमोर जाऊन उभं राहता येतं.

शुक्रवार टाळा, त्या दिवशी म्हापशाचा आठवड्याचा बाजार असतो. दुपारी जेवणानंतर छोट्या दुकानांची शटरं खाली येतात ती साडेतीनच्या सुमारास उघडतात. रविवारी तर बरीच उघडतच नाहीत. त्यामुळे म्हापशाचं काम सकाळीच आटपावं आणि दुपारी पर्वरीच्या मॉलमध्ये एसीत हिंडावं. महामार्गावर उड्डाणपुलाचं काम चालू असेल तर पर्वरीला बस रखडते, तो वेळ हिशेबात धरा.

छोट्या कॉम्प्युटरवाल्याकडे महागडं कार्ड सहसा पडून नसतं. आगाऊ पैसे घेऊन तो ते मागवून देतो. फोन करूनच जा. घरून निघताना कॅबिनेटमध्ये कार्डाला किती लांबीची जागा आहे ते टेपने मोजा आणि एसएमपीएसचे (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचे) वॅट लिहून घ्या. बिलावर सिरियल नंबर हवाच. गोव्यातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक ३० ने सुरू होतो, आपला महाराष्ट्राचा २७ ने. साध्या कच्च्या कागदावर दर कमी करून देणाऱ्याला नमस्कार करावा आणि निघावं. प्रोसेसर घ्यायचा तर सीलबंद बॉक्समधलाच मागा. ट्रेमधला सुटा असेल तर इंटेल आपली तीन वर्षांची वॉरंटी देत नाही.

पण गोव्यातला खरा माल घराघरांत असतो. तारवटी (जहाजावर नोकरी करणारे) आणि आखातातून परतलेली मंडळी कन्सोल घेऊन येतात, मुलं मोठी झाली की विकायला काढतात. म्हापशाच्याच बार्देश तालुक्यातल्या अशाच एका घरी आम्ही पोचलो. "बस रे पुता, च्या घे," म्हणत म्हातारीने टीव्ही लावून दिला. भाचा कुजबुजला, "मामा, लगेच घेऊया." मी म्हटलं, आधी उघडून बघू.

पीएस५ची बाजूची पांढरी पाती स्क्रूड्रायव्हरशिवाय निघतात. आतल्या पंख्यावरची धूळ आणि स्क्रूंवरचा, यूएसबीच्या तोंडाशी आलेला गंज नीट पाहा. किनाऱ्याजवळच्या घरात खारा वारा यंत्राला खातो. डिस्क घालून-काढून बघा, गेम थोडा वेळ चालू देऊन पंख्याचा आवाज ऐका, कंट्रोलरची काडी न हलवता पात्र आपोआप सरकतंय का पाहा. विकणाऱ्याला कन्सोलवरचं त्याचं प्लेस्टेशन खातं काढायला सांगून, आपल्या खात्याने ऑनलाइन जाऊनच पैसे द्या. मशीन सोनीने बंदी घातलेलं असेल तर तिथेच कळतं.

दुबईचा पीएस५ आपल्या विजेवर बिनधास्त चालतो, फक्त वायर बदलायची. इथे त्याची वॉरंटी मात्र नाही. अरबी अक्षरांच्या वेष्टनातली डिस्कही चालते, पण भारतीय खात्यावरून घेतलेलं डीएलसी (गेमला जोडायचा जादा भाग) तिला जुळेलच असं नाही. जुन्या डिस्क स्वस्तात मिळतात म्हणून हुरळून बिनाड्राइव्हचा, म्हणजे डिस्क घालायची सोय नसलेला ‘डिजिटल’ कन्सोल घेऊ नका. २०२०च्या जाड डिजिटल पीएस५ला ड्राइव्ह नंतर जोडता येत नाही, नंतरच्या बारीक ‘स्लिम’ला येतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस कन्सोलला तर ड्राइव्हची सोयच नाही.

निन्टेंडो कंपनी आपला स्विच कन्सोल भारतात अधिकृतपणे विकतच नाही, त्यामुळे दुकानातला स्विचही बाहेरून आलेला असतो. स्विच २ फारच स्वस्त दिसला तर तो जपानी भाषेपुरता कुलूपबंद नाही ना, हे विचारा.

भाच्याचा पीएस५ त्या घरातच ठरला. माझ्या कार्डासाठी पणजीत १८ जून रस्त्यावर चौकशी केली. म्हापशाहून दर वेगळा नव्हता, मग म्हापशालाच मागवायला सांगितलं. परतीची एसटी पणजी स्टँडवरूनच धरा. म्हापशाला ती भरून येते आणि पीएस५चा खोका उभ्याने सांभाळण्यासारखा नाही.