नाडीची वही : चौदावा आठवडा

७४ वरून ६८. चौदा आठवड्यांची कमाई म्हणायची तर एवढीच, सहा ठोके. सकाळी जाग आल्या आल्या अंथरुणातच मोजलेली नाडी, आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी. मोठ्या माणसाच्या विश्रांतीतल्या नाडीची नेहमीची कक्षा ६० ते १०० आहे, तेव्हा ७४ लाही कुणी नावं ठेवली नसती. पण मिनिटाला सहा म्हणजे दिवसाला ८,६४० ठोके वाचले, असा हिशेब मी वहीच्या कोपऱ्यात मांडून ठेवलाय. (पाऊण तास पळताना दोनेक हजार ठोके जास्तीचे खर्च होतात, ते वजा केलेले नाहीत. वही आपली, हिशेबनीसही आपणच.)

मोजायची पद्धत पहिल्या दिवसापासून बदललेली नाही. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला दोन बोटं टेकवायची. अंगठ्याने मोजायचं नाही, त्याची स्वतःचीच नाडी मध्ये लुडबुड करते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळसही नाही, पूर्ण मिनिट. त्या मिनिटात एक गंमत कळते. श्वास आत घेताना ठोके किंचित घाईत येतात, सोडताना सैल पडतात. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा पोटात गोळा आला होता, पण निरोगी हृदयाची ही नेहमीचीच लय. सहाव्या आठवड्यात मात्र मधूनच एक ठोका गळल्यासारखा वाटायला लागला. तीन दिवस वहीत फुल्या मारल्या आणि चौथ्या दिवशी ईसीजी काढून घेतला. निर्धोक निघालं. तरी श्वासाशी संबंध नसलेली अनियमित नाडी अंदाजपंचे सोडून देऊ नका, दाखवून या.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझा मूर्खपणा. पहिले तीन आठवडे मी रोज जीव खाऊन पळालो. छातीवर बांधायच्या, नाडी मोजणाऱ्या पट्ट्यावर १५५, १६०, एकदा १६८. घरी येऊन सोफ्यावर आडवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची नाडी ७४ च्या जागी ७७. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. माझ्या गुडघ्याला बाशिंगाऐवजी बर्फाची पिशवी आली, एवढाच फरक. चौथ्या आठवड्यात सक्तीची विश्रांती झाली तेव्हा कुठे आकडेमोड करायला बसलो.

२२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. २००१ मध्ये आलेलं दुसरं सूत्र म्हणतं, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. माझं वय ४७, त्यामुळे एकाने १७३ येतात, दुसऱ्याने १७५. दोन्ही सरासरीचे आकडे आहेत. एखाद्याची खरी कमाल दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकते. कमाल आणि विश्रांती यांतला फरक, म्हणजे १७५ वजा ७४, झाले १०१. त्याचे ५० ते ६० टक्के विश्रांतीच्या आकड्यात मिळवले की १२४ ते १३५. माझी रोजची जागा ही होती आणि मी तिच्या वर तीस ठोके धडपडत होतो. (नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, चालू असतील त्यांना ही सूत्रं लागू पडत नाहीत. त्यांनी आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा.)

१३० वर राहायचं म्हणजे आधी अपमान गिळायचा. पाचव्या आठवड्यात मी भरभर चालत होतो आणि काठी टेकत चालणारे एक आजोबा मला मागे टाकून गेले. पट्टा नसेल त्या दिवशी मी सतराचा पाढा म्हणतो. सलग म्हणता आला तर वेग बरोबर, दर ओळीला दम घ्यावा लागला तर जास्त. आणि चालीवर गाता यायला लागलं तर फारच आरामात चाललंय. कुठल्याही घड्याळापेक्षा ही कसोटी मला खात्रीची वाटते.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर ऐका. नवव्या आठवड्यात पट्टा धुवायला टाकला होता म्हणून नुसतं मनगटी घड्याळ लावून निघालो. पाढा आरामात चाललेला आणि घड्याळ म्हणतंय १६२. थांबलो, लगेच मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले, ३३ ठोके. म्हणजे १३२. (थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, म्हणून इथे मात्र पंधराच सेकंद.) मग १६२ आले कुठून? पुन्हा पळायला लागलो आणि पावलं मोजली, तर मिनिटाला १६२ च्या आसपास! घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचं कमीजास्त होणं वाचतं. हात लयीत हलला की कधीकधी ते पावलांनाच ठोके समजून बसतं. तेव्हापासून पट्टा घड्याळाहून वरचढ, आणि मनगटावर घड्याळ घालायचंच तर हाडाच्या जरा वर, घट्ट.

हळू गेल्याने ठोके कमी का होतात? नियमित व्यायामाने पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला द्रव भाग वाढतो, हृदय दर वेळी जास्त भरतं आणि एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं. काम तेवढंच, खेपा कमी. शिवाय हृदयाला आवरून धरणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम घट्ट होतो. यासाठी धापा टाकायची गरज नाही, मिनिटं भरायला हवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. माझी सध्या २१० होतात. स्नायूंसाठी दोन दिवसही त्यांनी सांगितलेत. ते मी तोंड वाकडं करून उरकतो.

रक्तदाबाचं प्रकरण आठव्या आठवड्यातलं. घरच्या यंत्रावर सात दिवस १४२/९०, १३९/९१ असलेच आकडे. नाडी उतरतेय आणि दाब चढतोय, हे काय गौडबंगाल? मग मेजरिंग टेप घेऊन दंड मोजला, ३५ सेंटिमीटर. यंत्रासोबत आलेला पट्टा २२ ते ३२ चा. तोकडा पट्टा दाब जास्त दाखवतो. वर मी एक पाय दुसऱ्यावर टाकून, हात मांडीवर लोंबता ठेवून, फोनवर बोलत मोजत होतो; यातली एकेक गोष्ट आकडा फुगवते. मोठा पट्टा आणला, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसलो, पावलं जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, मूत्राशय रिकामं, अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजलं. आठवड्याची सरासरी १२९/८२. घरी मोजताना १३५/८५ ही सावध होण्याची रेघ मानतात, तिच्या आत आहे, पण फार आत नाही. म्हणून मीठदाणी टेबलावरून हलवली. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं मिळून चमचाभरही नाही. दोन्ही आठवड्यांची पानं डॉक्टरांना दाखवली. पहिलं पान बघून ते हसले.

बाकी नोंदी थोडक्यात. पाच तास झोपलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ७३. ताप आला तेव्हा ८४; चार दिवस पळणं बंद, नाडी खाली आल्यावरच बूट घातले.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. सकाळी पाऊण तास घाम गाळतो आणि मग नऊ तास खुर्चीत. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. मी सकाळी वाहक आणि उरलेला दिवस चालक. सध्या प्रत्येक फोन उभ्याने घेतो आणि लिफ्ट सोडलीय. जिना चढताना मात्र १३० पार होतात, तिथे पाढा म्हणत नाही. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम असं काही झालं तर वही मिटून थेट दवाखाना, हे पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय.

चाचणी दर चार आठवड्यांनी एकच. ४०० मीटरचं सपाट मैदान, नाडी १३० वर धरून अर्धा तास. सहाव्या आठवड्यात साडेसात फेऱ्या झाल्या होत्या, दहाव्यात आठ, काल नऊ. आजोबा कालही होते. या वेळी त्यांच्या बरोबरीने अर्धी फेरी चाललो. त्यांनी माझ्या छातीवरचा पट्टा बघून विचारलं, हे कशासाठी? सांगितलं. त्यांनी काठी काखेत मारली, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि चालता चालता मोजायला लागले.