गाडीतली दिवाळी, खळ्यातलं लग्न आणि गोव्यातला नाताळ

निवृत्तीनंतर आम्ही दोघं टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून फिरतो, हे आता नातेवाइकांच्या अंगवळणी पडलंय. तरी दर सणाच्या आधी फोनवर तोच प्रश्न येतो, "मग यंदा दिवाळीला कुठे?" 2024 च्या दिवाळीला आम्ही वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात होतो आणि त्याच मुक्कामात लेकीचं लग्नही लागलं. गाडीत राहणारी बरीच मंडळी हल्ली वाटेत भेटतात आणि सणासुदीचं कसं करता म्हणून विचारतात. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. सणाच्या दिवशी गाडी हलवायची नाही, आणि सणाच्या गावी निदान आठवडाभर आधी पोचायचं. दिवाळीला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी बाजारात मिळतच नाहीत. सारवायला शेण, पायाखाली फोडायला कारेटं, तोरणाला आंब्याचे डहाळे, धारेचं दूध, अंघोळीला चुलीवरचं पाणी, हे सगळं शेजारून येतं. आणि शेजार आल्या दिवशी जुळत नाही, त्याला चार सकाळी विहिरीवर भेटावं लागतं.

मालवण-तारकर्ली आम्ही मुद्दाम टाळलं. दिवाळीच्या सुट्टीत तिथे गाडी वळवायला जागा मिळत नाही. वेंगुर्ल्याच्या आसपास, किनाऱ्यापासून थोडं आत, माडांच्या सावलीत मोकळं आवार असलेलं घर शोधत होतो. देवळाच्या आवारात उतरायचा मोह होतो, पण सणाच्या दिवसांत देवळाचे स्वतःचे कार्यक्रम असतात आणि आपली गाडी मध्येच अडचण होऊन बसते. त्यापेक्षा गावातल्या किराणा दुकानात विचारावं. आम्हाला तिथूनच एक घर कळलं. महिन्याचं भाडं आणि विजेचे पैसे वेगळे, असं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घेतलं. पैशाचं आधी मोकळेपणाने बोललं की पुढे आपुलकीला आडकाठी राहत नाही. मोठी गाडी असेल तर आत शिरण्याआधी वाट पायी चालून या. कोकणातल्या पाणंदी दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांनी आवळलेल्या असतात, विजेच्या तारा खाली आलेल्या असतात आणि फणसाची फांदी नेमकी टपाच्या उंचीवर असते.

परतीचा पाऊस थांबला की इथली माणसं खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, मागे लागतात. पावसाने उखडलेलं अंगण खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून सपाट करायचं आणि शेणाने सारवायचं. वर बांबूंचा माटव घालून त्यावर माडाचे झाप. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या घरमालकीण काकींच्या खळ्याचं हे काम ऐन रंगात आलं होतं. चोपणं मीही हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी काकींनी सांगून टाकलं, "आता हंयसरच रवा, चावदिस करून जावा." चावदिस म्हणजे इथली नरकचतुर्दशी.

आता फराळ. गाडीच्या आत तळण करू नका. वाफ आणि तेलाचा वास महिनाभर गादी-पडद्यांत राहतो, आणि एवढ्याशा जागेत कढईभर गरम तेल धोक्याचंच. बाहेर शेगडी मांडायची तर खाऱ्या वाऱ्याला आडोसा करावा लागतो. आमचं सगळं तळण काकींच्या मागल्या दारच्या चुलीवर झालं, त्यामुळे गॅसही वाचला. गॅसचं सांगायचं तर पाच किलोचा छोटा सिलिंडर सर्वांत सोयीचा. तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवरही असतो.

किनाऱ्यावरच्या हवेत फराळ सादळतो. पुण्यात पंधरा दिवस कुरकुरीत राहणारी चकली इथे उघड्या ताटात संध्याकाळपर्यंत मऊ पडते. म्हणून चकली, शेव आणि चिवडा थोडाथोडा, दोन खेपांत करावा आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू टिकतात, ते भरपूर करा. शेजारी द्यायला तेच कामाला येतात.

चावदिसाला पहाटे काळोखातच उठलो. उटणं लावून काकींच्या न्हाणीत अंघोळ, मग तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारेटं फोडायचं आणि "गोविंदा गोविंदा" म्हणायचं. कारेटं म्हणजे रानवेलीवरचं लिंबापेक्षा लहान हिरवं फळ, कडूजहर. फोडल्यावर त्याचा रस जिभेला लावतात, बी कपाळाला. त्या कडवट चवीनंतर पोह्यांचं ताट समोर आलं. गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, ताकातले, फोडणीचे, बटाटे घातलेले, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. नव्या भाताचे पोहे. मी घाटावर वाढले, माझ्या दिवाळीत पहिला मान चकली-करंजीचा. इथे तो पोह्यांचा आहे, आणि शेतातून नुकतं घरी आलेलं भात पाहिल्यावर तो मान पोह्यांनाच शोभतो असं मला मनापासून वाटलं. सकाळभर घरोघरी पोहे खायला जायचं असतं, तेव्हा पहिल्याच घरी पोटभर खाऊ नका.

सजावटीबद्दल थोडंसं. कागदी आकाशकंदील वाऱ्यात टिकत नाही, कापडाचा घ्या. पणत्या करवंटीत ठेवल्या की विझत नाहीत. गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांच्या माळा मिळतात, त्यांना इन्व्हर्टरही लागत नाही.

लग्नाचं खरं तर पुढच्या वर्षी ठरलं होतं, पुण्यात, कार्यालय घेऊन. लेक आणि होणारे जावई भाऊबीजेला आमच्याकडे आले आणि तुळशीच्या लग्नापर्यंत राहिले. इथे तुळशीचं लग्न घरचं कार्य असल्यासारखं करतात. वृंदावन रंगवतात, तुळशीत उसाचं कांडं आणि दिंड्याची काठी रोवतात, चिंचा-आवळे बांधतात, अंतरपाट धरून मंगलाष्टकं होतात आणि शेवटी पोरांच्या ओंजळीत चुरमुरे, बताशे नि खोबरं पडतं. एका अंगणातलं लग्न लागलं की सगळे पुढच्या अंगणात. त्या रात्री लेक परत आली आणि म्हणाली, "आई, माझंही असंच करूया ना." काकी तिथेच होत्या. "आमच्या खळ्यातच करा मां लगीन, माटव तर उभोच आसा." व्याह्यांना फोन केला. त्यांना पटायला दोन दिवस लागले, पण पटल्यावर सगळ्यांत उत्साहाने तेच कामाला लागले.

कागदपत्रांचा भाग नीट वाचा, कारण गाडीत राहणाऱ्यांची खरी अडचण इथेच होते. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे 1954 च्या कायद्याने लग्न करायचं तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग निदान 30 दिवस वास्तव्य हवं. नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. फिरत्या माणसाला हे साधायचं तर दोन महिने एका जिल्ह्यात ठाण मांडावं लागतं. दोघांचे धर्म वेगळे असतील तर बहुतेकांना हाच मार्ग घ्यावा लागतो, तेव्हा मुक्काम त्या हिशेबाने आखा. आमच्याकडे धार्मिक विधीने लग्न आणि नंतर नोंदणी, हा मार्ग मोकळा होता. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर 90 दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. त्याला तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सहीही लागते. गाडी हा काही राहण्याचा पत्ता होत नाही, त्यामुळे जावयांचा पुण्यातला पत्ता धरून तिथेच नोंदणी करायचं ठरलं. निमंत्रण सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं, तरी कुडाळला थोड्या पत्रिका छापून घेतल्या. नोंदणीच्या वेळी छापील पत्रिका आणि लग्नविधीचे फोटो बहुतेक ठिकाणी मागतात.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि गुरुजी एका दिवसात दोन-तीन गावं करतात. म्हणून तारीख गुरुजींना विचारून धरावी, पाहुण्यांचं त्यानंतर बघावं. पाहुण्यांना यायला रेल्वे बरी : कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरायचं. आता रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या भराभर भरतात. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता, त्यामुळे पुण्याची मंडळी मोटारींनी आंबोली घाटातून उतरली. राहायची सोय गावातल्या निवास-न्याहारीच्या घरांत आणि काकींच्या भावकीत झाली. चाळीसेक माणसं होती. एवढ्यांपर्यंत घरगुती सोय निभते. त्याहून जास्त असतील तर न्हाणीघरं आणि पाणी अपुरं पडेल, कार्यालय घेतलेलं बरं.

लग्नाच्या सकाळी काकींचे सासरे ग्रामदेवतेपुढे नारळ घेऊन उभे राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही भायली माणसां तुझ्या पायाकडे इली हत, तेंचा कार्य सुखरूप पार पाड म्हाराजा." मागून सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आमच्या बाजूच्या पुणेकरांनी पहिल्या वेळी नुसते हात जोडले. तिसऱ्या वेळी त्यांचाही आवाज त्यात मिसळला होता. माझे डोळे तेव्हाच भरून आले, मंगलाष्टकांपर्यंत थांबले नाहीत.

लेकीची तयारी आमच्या गाडीत झाली. गळ्यात घालायला अबोलीचे वळेसर काकींच्या जावेने केळीच्या सोपात गुंफले होते. अंतरपाट म्हणून ह्यांचं उपरणं. खळं आदल्या दिवशीच सारवलेलं, त्यावर बोटांच्या कमानी अजून उमटलेल्या दिसत होत्या, आणि त्या बघून पाहुण्यांनी न सांगता चपला गडग्याशी काढल्या. ध्वनिक्षेपक नव्हता. गावातल्या दोन आज्यांनी मंगलाष्टकं म्हटली आणि चाळीस माणसांत ती शेवटच्या ओळीपर्यंत नीट ऐकू आली. जेवायला केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, सोलकढी आणि शेवयांची खीर. गावातल्याच आचाऱ्याला सांगा, आणि त्याला जे नेहमी करता येतं तेच करायला सांगा. बाहेरून जिलबी-पनीर मागवण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीला आरवलीला वेतोबाच्या दर्शनाला नेलं. तिथे केळ्यांचा घड वाहतात, आणि नवसाच्या भल्या मोठ्या चामड्याच्या वहाणा देवाजवळ ठेवलेल्या असतात. रात्री देव त्या घालून गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. फिरस्त्यांच्या लग्नाला याहून योग्य देव मला सुचत नाही. त्रिपुरी पौर्णिमेपासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. लग्नाच्या पाहुण्यांपैकी जे राहिले त्यांनी दशावतार पहाटेपर्यंत पाहिला. अंगावर घ्यायला शाल आणि बसायला चटई न्या, डिसेंबरात दव चांगलंच पडतं.

नाताळ गोव्यात केला. शिरोडा, रेडी, आरोंदा करत किरणपाणीच्या पुलावरून पेडण्यात उतरलो. मोठ्या गाडीला हा रस्ता बरा पडतो, फेरीबोटीची वाट पाहावी लागत नाही. किनारपट्टी सोडून दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात एका आतल्या गावात 20 डिसेंबरच्या आधीच जागा धरली, कारण त्यानंतर वाटेतले उत्तर गोव्यातले रस्ते संध्याकाळी जागचे हलत नाहीत. इथेही आठवडाभर आधी येण्याचा उपयोग झाला. शेजारच्या घरात दोदोल घोटायला हात हवे होते, आम्ही दिले. घट्ट होत आलेलं ते काळं गुळाचं मिश्रण ढवळताना दंड भरून येतात. नाताळच्या सकाळी कुस्वाराचं ताट आमच्या गाडीच्या दारात आलं : नेवऱ्या, दोदोल, बेबिंका. नेवरी खाताना आपली करंजीच खातोय असं वाटतं. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, परधर्मीयांनी जायला कुणाची हरकत नसते. नीटनेटके कपडे घाला, मागच्या बाकावर बसा आणि मोबाइल बंद ठेवा. गोव्याहून परतताना मात्र दारूची एकही बाटली परवान्याशिवाय गाडीत ठेवू नका. सिंधुदुर्गाच्या हद्दीवर तपासणी होते आणि फिरत्या घराचे सगळे कप्पे उघडून बघतात.

जानेवारीत लेक-जावयांनी पुण्यात नोंदणी केली. अर्जाचा नमुना लग्नाआधीच आणून ठेवला होता आणि गुरुजींची सही लग्न लागल्या लागल्या, जेवणाची पानं मांडेपर्यंत घेतली होती. त्यांच्या आधार कार्डाची प्रतही तेव्हाच मागून घेतली. साक्षीदार म्हणून पुण्यातच राहणारे तिघं आधी ठरवून लग्नाला बोलावले होते, त्यामुळे नोंदणीसाठी कुणालाही पुन्हा कोकणातून बोलवावं लागलं नाही.