मुंबई–नागपूर: हवेत एकाहत्तर मिनिटं

मुंबई ते नागपूर सरळ रेषेत साधारण ६८५ किलोमीटर. रेल्वेने ८३७. समृद्धी महामार्ग नुसता भिवंडीजवळच्या आमणे ते नागपूर ७०१. म्हणजे विमानाने अंतर फार वाचतं असं नाही, वाचतो तो वेळ. तोही नेमका किती वाचतो ते बघू म्हणून जानेवारीत आत्याकडे जाताना मी वहीत मिनिटं टिपत गेले.

पहाटे ३.१५ ला डोंबिवलीहून टॅक्सी, ४.२० ला मुंबई विमानतळाचं टी-टू, म्हणजे दुसरं टर्मिनल. मग रांगा, तपासणी आणि आत्याला किंमत सांगता येणार नाही असा एक चहा.

तिकिटावर ६.१० ते ७.४५ अशी वेळ. विमान ६.१० ला जागेवरून हललं खरं, पण उडालं ६.३८ ला. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालतं. आमच्यापुढे पाच विमानं, टोलनाक्यावरच्या ट्रकसारखी. तिकिटावरच्या वेळेत हे रखडणं आधीच धरलेलं असतं, म्हणून तर ‘वेळेवर पोहोचलो’ म्हणून मिरवता येतं.

आणि उडालो तेही पश्चिमेला! नागपूरला जायचंय, पण वाऱ्याकडे तोंड करून उडायचं म्हणून जुहूवरून थेट अरबी समुद्रावर. खाली काळं पाणी, होड्यांचे चारदोन दिवे. मग विमान तिरकं झालं, माझी खिडकी आभाळाकडे गेली आणि पुन्हा खाली आली तेव्हा मुंबईचे दिवे मागे पडत होते.

पुढचा भाग मात्र पैसे वसूल करणारा. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला, म्हणजे तिथे सूर्य वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. आम्ही त्याच्याच दिशेने निघालेलो. मुंबई अंधारात सोडली आणि जरा वर गेलो तोच समोरून तांबूस कड आली. शेजारचे काका तोंड उघडं टाकून घोरत होते. उठवावंसं वाटलं, पण नाही उठवलं.

थंडीत वरच्या हवेत पश्चिमेचा वारा असतो. तो पाठीशी होता. ७.४९ ला चाकं टेकली. हवेत ७१ मिनिटं. (परतीला तोच वारा तोंडावर, वर मुंबईच्या अलीकडे दोन घिरट्या: ९४.)

बॅग, ऑटो, वर्धा रोडवरची गर्दी. नागपुरातल्या महाल भागात आत्याच्या दारात ९ वाजले. घरापासून घरापर्यंत पावणेसहा तास.

“कावून वं, डोळे असे लाल?” आत्या म्हणाली. मी वही दाखवली. तिने बघितलीसुद्धा नाही. पोह्यांवर तर्री ओतत म्हणाली, “विदर्भ एक्सप्रेसनं आली असती तं रातभर झोपून आली असती ना!”