एल्गिनसाहेबांचे भाडेकरू

परदेशात शिकायला गेल्यावर मैत्री होते ती फ्रीजच्या कप्प्यांवरून. एडिनबरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाच खोल्या आणि एकच स्वयंपाकघर होतं. एक मुलगी अथेन्सची, एक बीजिंगची, एक मुलगा मॉन्ट्रियलचा, एक तिथल्याच फाइफ परगण्यातला आणि मी पुण्याची. सुरुवातीला गप्पा ठरावीक असायच्या. तुमच्याकडे लग्नं अजून ठरवून होतात का, तुम्ही रोज एवढं तिखट खाता का वगैरे. असल्या गप्पांना आयुष्य फार नसतं. मग आम्ही गावात भटकायला लागलो.

गाव भटकण्यासारखंच आहे. किल्ल्यावरून रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ उडते. स्टेशनशेजारच्या हॉटेलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवलेलं असतं, कुणाची गाडी चुकू नये म्हणून. (ही सोय पुणे स्टेशनला केली तर लोक तीन मिनिटं धरूनच निघतील.) आणि काल्टन टेकडीवर पार्थेनॉनची, म्हणजे अथेन्सच्या प्राचीन देवळाची, नक्कल आहे. नेपोलियनशी लढताना पडलेल्या सैनिकांचं स्मारक म्हणून 1826 मध्ये बांधायला काढली, 1829 मध्ये पैसे संपले. बारा खांब उभे राहिले, पुढे काही नाही.

अथेन्सकरीण ते खांब बघून आधी पोट धरून हसली, मग एकदम तापली. "खऱ्यातली शिल्पं उचलून आणली आणि नक्कलसुद्धा पुरी करता आली नाही!" शिल्पं आणणारे सातवे लॉर्ड एल्गिन स्कॉटिशच. पुढे 1816 मध्ये त्यांनी ती 35,000 पौंडांना सरकारला विकली, आणि ती आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

"एल्गिन?" बीजिंगची एरवी फारसं न बोलणारी मुलगी म्हणाली. "आमचं युआनमिंगयुआन जाळणारा?" बीजिंगजवळचा बादशहाचा तो प्रचंड बागमहाल 1860 मध्ये ज्याच्या हुकमाने जाळला, तो आठवा एल्गिन. सातव्याचा मुलगा.

मॉन्ट्रियलवाला खूश झाला, कारण त्यांच्याकडे हाच आठवा एल्गिन कॅनडाचा गव्हर्नर जनरल असताना लोकांनी त्याला सोडलं नव्हतं. 1849 मध्ये एका कायद्यावर सही केली म्हणून त्याच्या बग्गीवर सडकी अंडी फेकली, आणि त्याच संध्याकाळी पार्लमेंटची इमारत पेटवून दिली. तीन आठवड्यांनी त्याला तिथेच मुलगा झाला.

आता माझी पाळी होती. आठवा एल्गिन शेवटी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आला, 1863 मध्ये गेला, आणि धरमशालेच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. आणि मॉन्ट्रियलला जन्मलेला तो मुलगा, नववा एल्गिन, 1894 ते 1899 आमचा व्हाइसरॉय. म्हणजे पुण्यातला प्लेग, रँडचा खून, टिळकांवरचा राजद्रोहाचा पहिला खटला, सगळं याच्याच कारकिर्दीत. शाळेत 1897 हे साल आम्ही इतक्यांदा घोकलं होतं, पण त्या सालाला असं घरदार, आईबाप असतील हे डोक्यात आलं नव्हतं. गणेशखिंडीच्या रस्त्याची हकीकत मी घरी जेवताना साग्रसंगीत सांगितली. चाफेकर बंधूंपाशी आले तेव्हा कुणी ताटाला हात लावेना.

फाइफचा मुलगा गप्प बसून ऐकत होता. एल्गिन घराण्याचा वाडा त्याच्याच परगण्यात, डनफर्मलिनजवळ. त्याला हे घराणं माहीत होतं ते रॉबर्ट ब्रूस राजाच्या गोतावळ्यातलं म्हणून. बाकीचं शाळेत कुणी शिकवलंच नव्हतं म्हणाला, आणि आपणहून सगळ्यांच्या कपबशा विसळायला घेतल्या. नुकसानभरपाई म्हणून आम्ही ती मान्य केली. पुढच्या शनिवारी तोच आम्हाला फोर्थच्या पुलावरून रेल्वेने डनफर्मलिनला घेऊन गेला. मठात ब्रूस राजाची कबर पाहिली, चिप्स खाल्ले, पावसात भिजलो.

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या भांडणांना वेगळाच रंग चढला. अथेन्सकरणीचं कॉफीचं लांब दांड्याचं पितळी भांडं मी चहाला म्हणून नेलं होतं, ते बरेच दिवस माझ्याच कपाटात राहिलं. तिने मागितलं तेव्हा मी ब्रिटिश म्युझियमच्या थाटात सांगितलं, "तुझ्याकडे ठेवायला नीट जागा कुठे आहे? इथे ते सुरक्षित आहे. शिवाय माझ्याकडे जास्त लोक येतात, सगळ्यांना बघायला मिळतं." तिने माझा प्रेशर कुकर जप्त केला.